मोजणीचे गणित : क्रमचय आणि समचय

शिक्षणाचा प्रसार खेडोपाडी झाल्यापासून स्पर्धा परीक्षा ही केवळ शहरातील विद्यार्थ्यांपुरती मर्यादित बाब राहिलेली नाही. अभियांत्रिकी शिक्षणासाठीची संयुक्त प्रवेश परीक्षा, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा व इतर अनेक परीक्षा यांचे दरवाजे पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील मुलामुलींनाही खुले आहेत. या परीक्षांच्या गणितात एका प्रकारचे प्रश्न वारंवार आढळतात. त्यांचा शेवट बहुधा ‘हे किती प्रकारे करता येईल?’ असा असतो. अकरावीच्या अभ्यासक्रमात ‘क्रमचय व समचय’ या नावाने जो भाग शिकविला जातो, त्यातील हे प्रश्न होत.

या प्रश्नांतील आकडेमोड सहसा अवघड नसते. तरीही हुशार विद्यार्थी येथे गुण गमावतात. संयुक्त प्रवेश परीक्षेच्या मुख्य टप्प्यात पर्यायी प्रश्नाच्या बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो. म्हणजे बरोबर व चूक यांत ५ गुणांचे अंतर पडते. संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेतही चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण कापले जातात. अशा परीक्षांत एवढे अंतर प्रवेशाच्या यादीतील स्थान बदलण्यास पुरेसे ठरते.

चूक कोठे होते?

विद्यार्थ्याला सूत्र आठवत नाही म्हणून चूक होते, असे थोड्याच वेळा घडते. दोन सूत्रे त्याला पाठ असतात. त्यांपैकी कोणते वापरावे हे त्यास उमगत नाही. या दोन तालुक्यांत प्राथमिक शिक्षण मराठीतून घेणारी मुले पुष्कळ आहेत. माध्यमिक शाळेत त्यांचे गणित इंग्रजीतून सुरू होते आणि ‘अरेंजमेंट’ व ‘सिलेक्शन’ हे दोन शब्द अर्थ मनात रुजण्यापूर्वीच पाठ होतात. वास्तविक ‘मांडणी’ आणि ‘निवड’ यांतील भेद त्या मुलांना घरच्या भाषेत पूर्वीच ठाऊक असतो. रांगेत कोण पुढे व कोण मागे याला महत्त्व असते. गटात ते नसते. या विषयाचे मर्म एवढेच आहे. म्हणून प्रश्न कोणत्याही भाषेत छापलेला असो, सूत्राकडे वळण्यापूर्वी तो स्वतःच्या भाषेत मनाशी सांगून पाहणे हितावह ठरते.

‘आणि’ व ‘किंवा’

समजा, पेडण्याहून म्हापशास जाण्यासाठी सोयीच्या ३ बसगाड्या आहेत आणि म्हापशाहून पणजीस जाण्यासाठी ४ आहेत. पहिल्या तिन्हींपैकी प्रत्येक गाडीबरोबर पुढच्या चारांपैकी कोणतीही गाडी घेता येते; म्हणून प्रवासाचे ३ × ४ = १२ प्रकार होतात. याखेरीज पेडण्याहून थेट पणजीस जाणाऱ्या २ गाड्या असतील, तर एकूण प्रकार १२ + २ = १४ होतील. ‘हे काम आणि नंतर ते काम’ असे असता गुणाकार करावा; ‘हा मार्ग किंवा तो मार्ग’ असे असता बेरीज करावी. पुढील सर्व सूत्रे या दोन तत्त्वांतूनच निघतात.

पंचायतीतील दोन निवडी

गोव्यात ग्रामपंचायतीचे निवडून आलेले पंच आपल्यातूनच सरपंच व उपसरपंच निवडतात. ७ पंचांच्या पंचायतीत सरपंच ७ प्रकारे निवडता येतो. त्यानंतर उरलेल्या सहांतून उपसरपंच ६ प्रकारे निवडता येतो. म्हणून एकूण प्रकार ७ × ६ = ४२ झाले. एक व्यक्ती सरपंच व दुसरी उपसरपंच होणे आणि याच्या उलट होणे, ही दोन भिन्न फळे आहेत हे गावात कोणालाही सांगावे लागत नाही. येथे क्रमास महत्त्व आहे. हा क्रमचय होय.

आता त्याच पंचायतीला रस्त्याच्या कामाची पाहणी करण्यासाठी दोघांची समिती नेमावयाची आहे असे मानू. समितीत दोघांचाही दर्जा सारखाच आहे. एकाचे नाव आधी लिहिले काय किंवा दुसऱ्याचे लिहिले काय, समिती तीच राहते. ४२ च्या मोजणीत प्रत्येक जोडी दोनदा आली असल्यामुळे समित्या ४२ ÷ २ = २१ होतात. हा समचय होय. परीक्षेतील पर्यायांत २१ व ४२ या दोन्ही संख्या शेजारी शेजारी छापलेल्या असू शकतात, हे विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

समिती तिघांची असेल तर प्रथम ७ × ६ × ५ = २१० असे मोजावे. तीन व्यक्तींची नावे ३ × २ × १ = ६ क्रमांनी लिहिता येतात; म्हणून २१० ÷ ६ = ३५ समित्या. ३ × २ × १ या गुणाकाराला ३ चे क्रमगुणित म्हणतात व ते ३! असे लिहितात. सारांश, प्रथम क्रमासह मोजावे आणि क्रमाला महत्त्व नसल्यास निवडलेल्या वस्तूंच्या संख्येच्या क्रमगुणिताने भागावे. एवढे समजले की दोन सूत्रे वेगवेगळी पाठ करण्याचे कारण उरत नाही.

आपल्या परंपरेतील उदाहरणे

हा विषय परदेशातून आलेला आहे, अशी अनेकांची समजूत असते. भास्कराचार्यांनी सन ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथात ‘अंकपाश’ या प्रकरणात त्याचा विचार केलेला आहे. शंख, चक्र, गदा व पद्म ही चार आयुधे श्रीहरीच्या चार हातांत अदलाबदल करून किती प्रकारे धारण करता येतील, असा प्रश्न तेथे आहे. उत्तर ४ × ३ × २ × १ = २४. संध्येत उच्चारल्या जाणाऱ्या केशव, नारायण आदी चोवीस नावांच्या मूर्ती आयुधांच्या याच क्रमभेदाने ओळखल्या जातात. त्याच ठिकाणी दहा हात व दहा आयुधे असलेल्या शंकराचे उदाहरण असून त्याचे उत्तर ३६,२८,८०० इतके येते.

याच्या उलट उदाहरण सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सापडते. सोळा सुगंधी द्रव्यांतून चार घेऊन १८२० गंध होतात, असे तेथे सांगितले आहे. मिश्रणात कोणते द्रव्य आधी घातले याने सुगंधाचा प्रकार बदलत नाही. म्हणून १६ × १५ × १४ × १३ या गुणाकारास २४ ने भागावे लागते. मूर्तीच्या हातांतील आयुधे म्हणजे क्रमचय आणि गंधाचे मिश्रण म्हणजे समचय, असे मुलांना सांगितल्यास भेद कायमचा लक्षात राहतो.

सारख्या अक्षरांचा प्रश्न

एखाद्या शब्दाची अक्षरे किती प्रकारे मांडता येतील, हा परीक्षांतील नेहमीचा प्रश्न आहे. पेडण्याचे नाव रोमन लिपीत पी, ई, आर, एन, ई, एम असे लिहितात. अक्षरे ६, परंतु ‘ई’ दोनदा आहे. दोन्ही ‘ई’ची अदलाबदल केली तरी शब्द बदलत नाही, म्हणून मांडण्या ६! ÷ २! = ७२० ÷ २ = ३६० होतात. दोन्ही ‘ई’ शेजारी हव्यात असे म्हटल्यास त्या जोडीला एक अक्षर मानावे व ५! = १२० हे उत्तर घ्यावे. त्या शेजारी नकोत असे म्हटल्यास ३६० − १२० = २४०. डिचोलीच्या रोमन नावात ८ अक्षरे असून ‘आय’ दोनदा येतो. तेथे मांडण्या ८! ÷ २! = २०,१६० होतात.

शून्याचे स्थान

डिचोलीच्या वाहनांचे क्रमांक जीए-०४ ने व पेडण्याच्या वाहनांचे जीए-११ ने सुरू होतात. क्रमांकातील शेवटचे चार अंक परस्परांहून भिन्न असावेत अशी अट घातल्यास १० × ९ × ८ × ७ = ५०४० प्रकार होतात, कारण वाहनाच्या पाटीवर ०१२३ असा क्रमांक चालतो. परंतु ‘भिन्न अंकांच्या चार अंकी संख्या किती?’ असे विचारल्यास पहिल्या स्थानी शून्य चालत नाही. तेथे ९ × ९ × ८ × ७ = ४५३६ हे उत्तर येते. ज्या स्थानावर अट आहे ते स्थान प्रथम भरावे, हा नियम यावरून स्पष्ट होतो.

‘निदान एक’ या शब्दांचा सापळा

सात पंचांत ३ स्त्रिया व ४ पुरुष आहेत. तिघांच्या समितीत निदान एक स्त्री हवी. अनेक विद्यार्थी प्रथम एक स्त्री ३ प्रकारे निवडतात, नंतर उरलेल्या सहांतून दोघे १५ प्रकारे निवडतात आणि ४५ हे उत्तर लिहितात. वस्तुतः कोणतीही अट नसताना समित्या ३५ च होत्या; अट घातल्यावर त्या वाढतील कशा? दोन स्त्रिया असलेली समिती या रीतीने दोनदा व तीन स्त्रिया असलेली तीनदा मोजली गेली, हे या चुकीचे कारण आहे. योग्य रीत अशी की, एकूण ३५ समित्यांतून केवळ पुरुषांच्या ४ समित्या वजा कराव्यात. उत्तर ३१. पडताळा म्हणून एक, दोन व तीन स्त्रिया असलेल्या समित्या निरनिराळ्या मोजल्यास १८ + १२ + १ = ३१ हेच उत्तर मिळते.

शिक्षक व पालक यांच्यासाठी

प्रश्न सोडविण्यापूर्वी विद्यार्थ्याने चार गोष्टी स्वतःस विचाराव्यात. क्रम बदलल्यास फळ बदलते काय? तीच वस्तू पुन्हा घेता येते काय? अट कोणत्या स्थानावर आहे? एखादा प्रकार दोनदा मोजला गेला आहे काय? शंका राहिल्यास तीन-चार वस्तूंचे लहान उदाहरण घेऊन सर्व प्रकार प्रत्यक्ष लिहून पाहावेत. कागदावर लिहिलेली यादी सूत्राची चूक लगेच दाखवून देते.

या सवयीचा आरंभ अकरावीत होण्याची आवश्यकता नाही. प्राथमिक शाळेत तीन मुलांना रांगेत उभे करून किती प्रकारे उभे राहता येते हे मोजावयास सांगितले, तर मुले ते सहा प्रकार आनंदाने शोधून काढतात. पालकांना सूत्रे येत नसली तरी ‘सरपंच निवडायचा आहे की समिती?’ एवढा प्रश्न ते मुलांस विचारू शकतात. गावातील मुलाजवळ या गणिताची समज मुळातच असते. ती त्याच्या भाषेत जागी करून मग परीक्षेच्या भाषेत नेणे, हे शिक्षकांचे कार्य होय. हे कार्य मनापासून झाल्यास परीक्षेतील हे गुण पेडणे व डिचोलीच्या विद्यार्थ्यांच्या हातून निसटण्याचे कारण राहणार नाही.