आधी तिकीट रद्द करा: व्हिसा संपल्यावर लग्नातून ग्रीन कार्डचा खर्च

अमेरिकेतल्या मराठी मंडळांत गणपतीच्या जेवणानंतर कुणीतरी बाजूला घेतं आणि हळू आवाजात विचारतं. भाचा शिकायला आला होता, कॉलेज सुटलं, तो इथेच राहिला आणि आता त्याने अमेरिकन नागरिक असलेल्या मुलीशी लग्न केलंय. किंवा मावसबहीण फिरायला आली आणि परतीची तारीख उलटून दोन वर्षं झाली. ‘ग्रीन कार्ड होईल का? किती खर्च येईल?’ विचारणाऱ्याच्या डोक्यात वकिलाची फी असते. मी उलट विचारते, भारताचं तिकीट काढलंय का? काढलं असेल तर आधी ते रद्द करा.

या सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडतं ते तिकीट. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यानुसार १८० दिवसांहून जास्त, पण वर्षाच्या आत बेकायदा राहून देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. ही बंदी लागते ती देश सोडल्यावर. नागरिकाशी लग्न झालेल्या ज्या माणसाला अमेरिकेतच बसून अर्ज करता आला असता, तोच ‘सगळं रीतसर करू’ म्हणून मुंबईच्या वकिलातीत व्हिसा मागायला गेला की अडकतो. मग आय-६०१ हा माफीचा अर्ज करावा लागतो. त्याची फी १,०५० डॉलर, आणि तुमच्याविना नागरिक जोडीदाराचे असाधारण हाल होतील हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं. आईच्या आजारपणाची बातमी आली की माणूस धावत निघतो, हे मला कळतं. तरी निघण्याआधी एक तास वकिलाकडे घालवा.

अमेरिकेत राहूनच अर्ज कुणाला करता येतो? दोन गोष्टी लागतात. तुम्ही विमानतळावर किंवा नाक्यावर अधिकाऱ्यासमोर उभे राहून रीतसर आत आलेले असायला हवेत, आणि जोडीदार अमेरिकेचा नागरिक हवा. या दोन्ही असतील तर मुदत उलटून राहणं आणि परवान्याविना केलेलं काम ही दोन कारणं अर्जाच्या आड येत नाहीत. जोडीदाराकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर ही सवलत नाही. अशा वेळी पहिला खर्च जोडीदाराच्या नागरिकत्वाच्या अर्जाचा: ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०.

काही गोष्टी मात्र लग्नाने धुऊन निघत नाहीत. नोकरी लागताना भरायच्या आय-९ फॉर्मवर ‘अमेरिकन नागरिक’ या चौकटीत खूण केली असेल, तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरतो आणि त्याला जवळजवळ माफी नाही. के-१ या वाग्दत्त जोडीदाराच्या व्हिसावर येऊन दुसऱ्याशीच लग्न केलं तर इथून अर्ज चालत नाही. जे-१ वर आलेल्या काहींना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. जहाजावरचे खलाशी आणि क्रूझवरचे कर्मचारी म्हणून जे आत आले, त्यांना नागरिकाशी लग्न करूनही अमेरिकेतून हा अर्ज करता येत नाही. बोटीवरून उतरून राहिलेल्या मुलाला ‘लग्न कर, सगळं होईल’ असं कुणी सांगत असेल तर पैसे देऊ नका.

आता सरकारी फी. हे दर १ एप्रिल २०२४ पासूनचे आहेत. नात्याची याचिका, म्हणजे आय-१३०, कागदावर ६७५ डॉलर, ऑनलाइन ६२५. ग्रीन कार्डचा अर्ज आय-४८५ चे १,४४० डॉलर. बोटांचे ठसे त्यातच आले. अर्ज प्रलंबित असताना नोकरीची परवानगी हवी तर आय-७६५ चे २६०. कागदावर भरलेल्या या तिन्हींची बेरीज २,३७५ डॉलर, म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. अर्ज नामंजूर झाला तरी यातलं काही परत मिळत नाही. पैसे भरण्याच्या दिवशी इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरचा दर पुन्हा पाहा. जुनी फी पाठवली तर पुडकं जसंच्या तसं परत येतं.

प्रवासाची परवानगी, आय-१३१, ६३० डॉलरची. २०१२ मध्ये अराबल्ली आणि येराबेल्ली या भारतीय जोडप्याच्या खटल्यात ठरलं, की ही परवानगी घेऊन बाहेर गेल्याने दहा वर्षांची बंदी लागत नाही. तरीही परतताना आत घ्यायचं की नाही हे नाक्यावरचा अधिकारी ठरवतो. मुदत उलटलेल्या माणसाने हे ६३० डॉलर वकिलाला विचारूनच खर्च करावेत.

वैद्यकीय तपासणी सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडेच होते, आणि डिसेंबर २०२४ पासून तिचा अहवाल अर्जासोबतच द्यावा लागतो. तिची फी सरकार ठरवत नाही. लसी धरून दोनशेपासून पाचशे डॉलर किंवा त्याहून जास्तही पडतात, म्हणून तीन-चार ठिकाणी फोन करा. लहानपणीच्या लसींचं कार्ड घरच्यांकडून मागवलंत तर पुन्हा टोचून घ्यायचे पैसे वाचतात. क्षयासाठी रक्ताची चाचणी होते. ती सकारात्मक आली तर छातीचा एक्स-रे आणि त्याचा वेगळा खर्च.

भारतातून जन्मदाखला मागवावा लागेल. नोंदच सापडत नसेल तर तसा दाखला नगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून घ्या आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला व नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडा. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, पण नोटरी लागत नाही; दोन्ही भाषा येणाऱ्या मित्राने सही करून दिलेलं चालतं. आधीचं लग्न मोडलेलं असेल तर कुटुंब न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हवीच.

आय-८६४ या हमीपत्राला फी नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. दोघांच्या कुटुंबासाठी २०२५ च्या दारिद्र्यरेषेनुसार वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर उत्पन्न दाखवावं लागत होतं. जोडीदाराची कमाई कमी पडली की मंडळातल्या एखाद्या काकांना सही मागितली जाते. काका, ही सही घटस्फोटानेसुद्धा सुटत नाही. ज्याच्यासाठी सही केली तो माणूस नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांचं काम त्याच्या नावावर जमेपर्यंत ती तुमच्या गळ्यात राहते.

वकील साधारण दोन ते पाच हजार डॉलर घेतात. रीतसर प्रवेश, पहिलंच लग्न, पोलिसांत नाव नाही, अशी जोडपी पूर्वी स्वतःच अर्ज भरायची. आज मी तसं सांगणार नाही. नामंजूर झालेल्या अर्जदाराला थेट हद्दपारीच्या न्यायालयात पाठवण्याचं धोरण फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅन डिएगोत ग्रीन कार्डच्या मुलाखतीला गेलेल्या जोडीदारांना तिथेच अटक झाल्याच्या बातम्या आल्या. मुलाखतीला वकील सोबत हवा, आणि करारात मुलाखतीची फी धरली आहे का ते आधी विचारा. पैसे कमी असतील तर न्याय खात्याची मान्यता असलेले प्रतिनिधी काही सेवाभावी संस्थांत कमी दरात काम करतात. किराणा दुकानात फलक लावून बसलेले ‘इमिग्रेशन कन्सल्टंट’ कायद्याचा सल्ला देऊ शकत नाहीत. कागदोपत्री लग्न जुळवून देतो म्हणणाऱ्याला तर उंबऱ्याबाहेरच ठेवा: पाच वर्षांपर्यंत तुरुंग, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, आणि पुढे खरं लग्न केलंत तरी ती याचिका मंजूर होत नाही.

कार्ड हातात येताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ते दोनच वर्षांचं असतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरायचा, ७५० डॉलर. हे पैसे आजच बाजूला काढा.

आणि नवरा किंवा बायको ‘मारलं तरी गप्प बस, नाहीतर अर्ज मागे घेतो’ असं धमकावत असेल, तर छळ सोसणाऱ्या जोडीदाराला आय-३६० हा अर्ज स्वतःच्या नावाने करता येतो. छळ करणाऱ्याची सही लागत नाही, त्याला कळवलं जात नाही, आणि फी शून्य आहे.

वकिलाकडे जाताना आय-९४ न्या. तुम्ही कधी, कोणत्या वर्गात आत आलात आणि किती दिवस राहायची मुभा होती, हे त्यावर असतं. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या तारखेवरून ते कळत नाही. विद्यार्थ्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी ‘डी/एस’ असेल तर दिवसांची मोजणी आपोआप सुरू होत नाही, तेव्हा हिशेब स्वतः न करता वकिलाला दाखवा. सीमा संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर हा कागद फुकट मिळतो. आज रात्रीच काढून ठेवा.