जाण्यायेण्याचा खर्च

रायपूर ही छत्तीसगडची राजधानी आहे. हे शहर मुंबई-हावडा लोहमार्गावर वसले आहे. गोंदियाहून निघालेली गाडी डोंगरगड, राजनांदगाव व दुर्ग ही स्थानके ओलांडून रायपूरला पोहोचते. गोल बाजार हा तेथील एक जुना बाजार होय.

समजा, गोंदियाचे चौघांचे कुटुंब मुलीच्या लग्नाच्या खरेदीसाठी गोल बाजारात निघाले आहे. रेल्वेचे भाडे ठरलेले असते. अंदाज चुकतो तो स्थानक ते बाजार या थोड्याशा अंतरात. शेअर ऑटोचे भाडे माणशी असते, तर संपूर्ण ऑटोचे भाडे वाहनामागे असते.

जाताना हात मोकळे असतात. माणशी २० रुपये धरल्यास चौघांचे ८० रुपये होतात. परतताना भांडी व कपड्यांची गाठोडी असल्याने संपूर्ण ऑटो करावा लागतो. त्याचे भाडे १५० रुपये धरू. म्हणजे एकूण खर्च २३० रुपये होईल. जाण्याच्या खर्चाची केवळ दुप्पट करणाऱ्याचा अंदाज १६० रुपयांचाच असेल. उरलेले ७० रुपये मग परतीच्या तिकिटाच्या पैशांतून जातील व घरी पोहोचणेच अवघड होईल.

म्हणून खरेदीपूर्वीच परतीचे पैसे वेगळे बांधून ठेवावेत. ऑटोत बसण्यापूर्वी भाडे माणशी की वाहनामागे, तसेच सामानाचे निराळे द्यावे लागेल काय, हे विचारून घ्यावे.

स्वाध्याय : चौघांऐवजी दोघेच गेल्यास ऑटोचा एकूण खर्च किती होईल?