थैली घरी न नेणारा अध्यक्ष

मंडळींनो, संस्था कशी चालवावी हे आपण दूधवाल्यांकडूनही शिकू शकतो. १९४६ साली खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचा दूध संघ उभा केला. तोच पुढे अमूल. अध्यक्ष ते, पण कारभार तरुण वर्गीस कुरियन यांच्यावर सोपवला आणि त्यांना मोकळीक दिली. निवृत्तीवेळी सभासदांनी प्रत्येकी एक रुपया काढून थैली दिली. तीही त्यांनी खेड्यांतल्या आरोग्यसेवेसाठी ट्रस्टला लावली.

आपल्याकडेही तेच. डिझेल असो, बर्फ असो, अध्यक्षाच्या ट्रॉलरला आणि लहान होडीला नियम एकच हवा. लिलावाचा हिशेब फळ्यावर लागला, की विश्वास मागावा लागत नाही. आणि तांडेल बदलला तरी होडी चालली पाहिजे. बघा, पटतंय का?