एका कंपनीचा फोन, दुसऱ्या कंपनीचे ॲप
(इयत्ता ६ वी व ७ वीच्या शिक्षकांसाठी पाठ-टिपण)

स्मार्टफोन ही एकाच कारखान्यातून बाहेर पडलेली एकजिनसी वस्तू आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. मुलांची तर ती असतेच. पुष्कळ प्रौढांचीही असते. पडद्यावर नकाशा दिसला की तो ‘फोनचा नकाशा’ ठरतो. वस्तुतः फोन घडविणारी कंपनी एक, त्याची कार्यप्रणाली तयार करणारी दुसरी आणि त्यावर चालणारे ॲप तिसरीचे, असे असू शकते. बाजारात एकमेकींशी चुरस करणाऱ्या कंपन्या एकाच पडद्यावर शेजारी शेजारी नांदत असतात. हे कसे घडते आणि त्यात फोन बाळगणाऱ्याने कोणते तारतम्य ठेवावे, हा या पाठाचा विषय होय.

उदाहरणासाठी ॲपल व गूगल या दोन कंपन्या घेणे सोयीचे. दोघींची मुख्य कार्यालये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, एकमेकींपासून मोटारीने थोड्याच वेळात पोहोचता येईल इतक्या अंतरावर आहेत. ॲपलचे उत्पन्न मुख्यतः यंत्रांच्या विक्रीचे; गूगलचे मुख्यतः जाहिरातींचे. हा भेद मुलांच्या ध्यानी आणून दिला, तर पुढील पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. जाहिरातीवर चालणाऱ्या कंपनीस आपली ॲप्स शक्य तितक्या फोनांवर हवी असतात, मग तो फोन प्रतिस्पर्ध्याचा का असेना. यंत्र विकणाऱ्या कंपनीस मात्र आपली उत्तम ॲप्स आपल्याच यंत्रावर राहावीत असे वाटते. म्हणूनच आयफोनवर गूगलचे नकाशे, टपाल, ब्राउझर, कीबोर्ड सारे मिळते. उलट ॲपलचे नकाशांचे ॲप किंवा सफारी ब्राउझर अँड्रॉइड फोनवर मिळत नाही. ॲपलने २०१५ साली अँड्रॉइडसाठी जे पहिले ॲप दिले, ते अँड्रॉइड सोडून आयफोनकडे येण्यास साहाय्य करणारे होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

प्रारंभी या दोघींत स्नेह होता. २००७ साली पहिला आयफोन विक्रीस आला, तेव्हा त्यातील नकाशे गूगलच्या माहितीवर चालत आणि यूट्यूबचे ॲपही त्यात आधीपासून घातलेले असे. गूगलचे तत्कालीन प्रमुख एरिक श्मिट हे ॲपलच्या संचालक मंडळावरही होते. २००८ मध्ये अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला आणि संबंध बिघडू लागले. २००९ मध्ये श्मिट यांनी ते पद सोडले. सप्टेंबर २०१२ मध्ये ॲपलने आपल्या कार्यप्रणालीची सहावी आवृत्ती काढली. तीतून गूगलचे नकाशे वगळले आणि स्वतःचे घातले.

ते नकाशे अपुऱ्या तयारीचे होते. पूल वाकलेले, गावे भलत्याच ठिकाणी, अशा तक्रारी जगभरातून आल्या. २८ सप्टेंबर २०१२ रोजी ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर पत्र लिहून क्षमा मागितली आणि सुधारणा होईपर्यंत ग्राहकांनी दुसऱ्या कंपन्यांचे नकाशे वापरावेत असे सुचविले. त्यांत गूगलचेही नाव होते. कंपनीने स्वतःच्या ग्राहकास प्रतिस्पर्ध्याच्या दारी पाठविल्याचे असे उदाहरण विरळाच.

पुढचा प्रसंग मुलांस अवश्य सांगावा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मिल्ड्युरा नावाचे शहर आहे. ॲपलच्या नकाशात ते खऱ्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, मरे-सनसेट या राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यभागी दाखविले होते. तेथे पाणी नाही, उन्हाळ्यात तापमान ४६ अंशांपर्यंत चढते. फोनवर विसंबून निघालेले अनेक मोटारचालक त्या रानात अडकले. काहींना चोवीस तासांपर्यंत अन्नपाण्यावाचून राहावे लागले, काहींनी फोनला संदेश मिळेल अशा जागेच्या शोधात खडतर वाट पायी तुडविली. अखेर डिसेंबर २०१२ मध्ये तेथील पोलिसांनी जाहीर इशारा दिला. ॲपलने चूक दुरुस्त केली. त्याच आठवड्यात गूगलने आयफोनसाठी आपले स्वतंत्र नकाशांचे ॲप आणले आणि पहिल्या ४८ तासांत ते एक कोटीहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले. येथे एक गोष्ट स्पष्ट करावी: आज ॲपलचे नकाशे पुष्कळ सुधारले आहेत, आणि गूगलचेही नकाशे कधी कधी चुकतात. मुद्दा कोणती कंपनी चांगली हा नसून, फोनवर दुसरा पर्याय आहे की नाही, हा आहे.

दुसऱ्याच्या फोनवर आलेल्या ॲपची स्थिती समजावण्यास आठवडी बाजाराचा दाखला उपयोगी पडतो. जागा ग्रामपंचायतीची, तीवर व्यापारी पाल ठोकतो, पट्टी भरतो आणि तेथील नियम पाळतो. मात्र जागेच्या मालकाचेच प्रवेशद्वाराशी दुकान असेल, तर येणारा बहुतेक गिऱ्हाईक प्रथम तेथेच थबकणार. फोनमध्ये हेच घडते. कार्यप्रणालीची मालकीण तीच ॲप्सचीही विक्रेती असते, आणि दुवा स्पर्शिला की कोणते ॲप उघडावे हे तिने आधीच ठरवून ठेवलेले असते. (दाखला एके ठिकाणी लंगडा पडतो. बाजारातला व्यापारी संध्याकाळी पाल उचलून जातो. ॲप रात्रीही फोनमध्येच असते.)

यजमानाचे नियम किती बारीक असतात हे विजेटवरून कळते. विजेट म्हणजे ॲपने पहिल्या पडद्यावर मांडलेली छोटी चौकट: हवामान, आजची कामे, आलेली पत्रे एका दृष्टिक्षेपात दाखविणारी. अँड्रॉइडने इतर कंपन्यांच्या विजेटांना २००९ मध्येच वाट दिली. आयफोनवर २०१४ साली ती सूचनांच्या फळीपुरती मिळाली आणि मुख्य पडद्यावर यावयास सप्टेंबर २०२० उजाडले. त्यानंतरही २०२३ पर्यंत आयफोनच्या विजेटवर बोट ठेवले तर केवळ ॲप उघडे. चौकटीतल्या चौकटीत कामावर खूण करणे शक्य नव्हते. चौकट दिवसातून किती वेळा ताजी करावयाची हेही यजमानच ठरवितो. तेव्हा पाहुण्या कंपनीच्या विजेटवर शिळे हवामान दिसले, तर दोष दर वेळी तिचाच असतो असे नाही.

दुवा कोणत्या ब्राउझरने उघडावा आणि टपाल कोणत्या ॲपने, हे निवडण्याची मुभा आयफोनधारकांस २०२० मध्येच मिळाली. पहिल्या काही दिवसांत फोन बंद करून चालू केला की निवड पुसली जाऊन पुन्हा ॲपलची ॲप्स पुढे येत. तो दोष लवकरच दूर करण्यात आला. एक गंमत मात्र कायम आहे. भारतात आयफोनवर क्रोम घेतले तरी पाने रेखाटणारे आतले यंत्र ॲपलचेच असते. पाटी तेवढी गूगलची. युरोपीय संघात कायद्याच्या रेट्याने २०२४ पासून ही अट सैल करावी लागली.

कीबोर्डाचा विषय अधिक सावधपणे शिकवावा, कारण येथे सोय मोठी तशी जोखीमही मोठी. गूगलचा किंवा मायक्रोसॉफ्टचा कीबोर्ड आयफोनवर बसविता येतो, आणि मराठी लिहिण्यास अनेकांना तो पसंत पडतो. परंतु कीबोर्डातून प्रत्येक अक्षर जाते. त्यास ‘पूर्ण प्रवेश’ द्यावा काय, असे फोन विचारतो तेव्हा तो प्रश्न घाईने मिटवावयाचा नसतो. सांकेतिक शब्द लिहिण्याच्या रकान्यात आयफोन पाहुण्या कीबोर्डास बाजूस सारून आपलाच पुढे करतो. येथे यजमानाची दांडगाई नव्हे, दक्षता आहे, हे न्यायाने म्हटले पाहिजे.

आधीच ठरवून ठेवलेल्या निवडीचे मोल किती, हे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. आयफोनच्या सफारीत शोधाचे साधन गूगलचेच राहावे यासाठी गूगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले, असे न्यायालयातील कागदपत्रांवरून दिसले. बहुतेक माणसे मिळालेली निवड बदलत नाहीत, या एका सवयीची ही किंमत! भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या संदर्भात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, परंतु दंड कायम ठेवला.

वर्गात पाठ घेताना आयफोन हवाच असे नाही. सॅमसंगचा फोन असेल तर अधिकच बरे. यंत्र दक्षिण कोरियातील कंपनीचे, कार्यप्रणाली गूगलची आणि ब्राउझर व छायाचित्रांचे ॲप दोन्हींचे निरनिराळे. शिक्षकाने फलकावर दोन रकाने आखावेत. एकात फोनबरोबर आलेली ॲप्स, दुसऱ्यात मागाहून घेतलेली, आणि प्रत्येकापुढे ते करणारीचे नाव मुलांकडून शोधून घ्यावे. एकच छायाचित्र सॅमसंगच्या गॅलरीत व गूगल फोटोजमध्ये दिसते तेव्हा मुले त्यास दोन प्रती समजतात. त्या पुष्कळदा एकाच खोलीची दोन दारे असतात, आणि गूगल फोटोजमधून पुसलेले चित्र गॅलरीतूनही नाहीसे होते. सहलीची छायाचित्रे अशाच समजुतीने जातात. म्हणून पुसण्याचा प्रयोग निरुपयोगी चित्रावरच करून दाखवावा. उलट, शाळेच्या नोंदी ज्या कंपनीच्या ॲपमध्ये ठेवावयाच्या ती पुढच्या फोनवरही मिळेल काय, हा प्रश्न मुलांपेक्षा शिक्षकांनीच स्वतःस विचारण्याजोगा आहे.

स्वाध्यायासाठी शाळेपासून तालुक्याच्या गावापर्यंतचा रस्ता घ्यावा. तो एकदा गूगलच्या नकाशात व एकदा मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीच्या मॅपल्स ॲपमध्ये काढावा. अंतर, वेळ, वाटेतील वाड्यावस्त्यांची नावे व जागा यांत जेथे फरक पडेल तेथे खूण करावी, आणि त्या रस्त्याने नेहमी जाणाऱ्या एस. टी. चालकास किंवा दूधवाल्यास विचारून खरे काय ते वहीत नोंदवावे.