कुस्त्यांना माणसं किती येणार?

पोस्टरवर ‘हजारोंच्या उपस्थितीत’ छापणं सोपं, मोजायचं कसं? बर्कलेच्या हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात हिशेब दिला: विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाटीत ४.५. समजा, संभाजीनगरात आपण मैदान भरवलं. मध्यापासून १० मीटर आखाडा, पुढे २५ मीटरपर्यंत प्रेक्षक. क्षेत्रफळ सुमारे १७,७५० चौरस फूट. विरळ १,७७५, दाट ३,९४४ माणसं.

शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबागेत उतारामुळे मागच्यालाही कुस्ती दिसते. आपलं मैदान सपाट, लोक पुढे सरकणारच. म्हणून मी दाट आकडा धरतो. ३ मीटरच्या एकाच गेटातून, मीटरमागे मिनिटाला ८० धरले तरी, बाहेर पडायला १६ मिनिटं! निकाली कुस्ती संपली की सगळे एकदम उठतात. तेव्हा मित्रांनो, पोस्टर नंतर, दुसरं गेट आधी.