फर्मवेअर बदललं आणि वायफाय मंदावलं? आधी तार तपासा, मग हवा

मागच्या व्हिडिओत आपण घरातल्या जुन्या राउटरमध्ये ओपन-डब्ल्यूआरटी कसं टाकायचं ते बघितलं. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "दादा, सगळं चालू झालं, पण वायफायचा स्पीड आधीपेक्षा कमी झालाय. आता काय करू?"

उत्तराआधी माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण धडा तिच्यातच आहे.

माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान खाली आणि घर वरच्या मजल्यावर. कनेक्शन एकच, १०० एमबीपीएसचं. राउटर जिन्यात, म्हणजे घर आणि दुकान दोन्ही भागतं. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे दिवस होते. दुकानात दोन लॅपटॉप, वर घरच्यांचे मोबाईल, शिवाय कॅमेरा. एक गृहस्थ मुलीला घेऊन फॉर्म भरायला आले. कागदपत्रं अपलोड होता होता तीनदा अडकली. शेवटी ते म्हणाले, "राहू द्या, चौकात बघतो." त्यांच्या मागे रांगेतले अजून दोघे गेले.

मी तडक कनेक्शनवाल्या पोराला फोन लावला आणि नको ते बोललो. तो तासाभरात आला. वाद घातला नाही. राउटरची तार काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली, टेस्ट केली. ९४ एमबीपीएस! "दादा, माझी लाइन इथपर्यंत. पुढचं तुमचं आहे," एवढंच म्हणाला आणि गेला.

मित्रांनो, त्या पोरानं दोन मिनिटांत जे केलं तेच आजच्या धड्याचं सूत्र: रस्त्याचे तुकडे करा आणि एकेक तुकडा मोजा. "नेट स्लो आहे" ही नुसती तक्रार झाली. कुठून कुठपर्यंत स्लो आहे हे सांगितलं की दुरुस्ती सुरू होते.

पायरी १: दोन आकडे लिहून काढा

लॅपटॉप तारेनं राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, स्पीड टेस्ट घ्या. मग तार काढा, राउटरपासून दोन-तीन मीटरवर बसा आणि वायफायवर तीच टेस्ट घ्या. दोन्ही टेस्ट लागोपाठ घ्या. एक सकाळी आणि एक रात्री घेतली तर तुलनेला अर्थ नाही.

इथे एक गल्लत टाळा. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोड करताना दिसतो तो बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटनं उतरत असेल, तर तुमचं काहीच बिघडलेलं नाही.

माझे आकडे: तारेवर ९४, राउटरजवळ वायफायवर १८, दुकानाच्या काउंटरवर जेमतेम ५.

पायरी २: तारेवरच कमी येत असेल तर

तारेवरच स्पीड कमी असेल तर वायफायच्या सेटिंगला हात लावू नका. तिथे दोष नाहीच. या तीन गोष्टी बघा.

पहिली, पोर्ट आणि केबल. प्लॅन २०० चा आणि तारेवर बरोबर ९४-९५ च येत असतील, तर बहुधा वाटेत कुठेतरी १०० चा पोर्ट आहे किंवा केबलमधली एखादी तार तुटली आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. एक तार गेली तरी नेट चालू राहतं, म्हणून कुणाला शंकाच येत नाही.

दुसरी, प्रोसेसर. कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्ये डेटा पुढे ढकलायला चिपमधली खास सोय वापरलेली असते. आपल्या फर्मवेअरमध्ये ती प्रत्येक मॉडेलला मिळतेच असं नाही. मग सगळा भार छोट्या प्रोसेसरवर येतो. टेस्ट चालू असताना राउटरमध्ये 'टॉप' ही कमांड चालवा. प्रोसेसर जवळपास शंभर टक्के गुंतलेला दिसला तर फायरवॉलच्या पानावर 'सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग' चालू करून परत मोजा.

तिसरी, एसक्यूएम. हे गर्दीच्या वेळी व्हिडिओ कॉल अडखळू नये म्हणून वापरतात आणि त्यात स्पीडची मर्यादा आपण स्वतः लिहितो. प्लॅन ४० वरून १०० चा केला आणि इथे ३८ तसाच राहिला, तर मिळणार ३८ च. पैसे मात्र १०० चे जाणार!

पायरी ३: तार ठीक, वायफाय मंद

माझं प्रकरण हेच होतं. आता स्पीड टेस्ट बाजूला ठेवा आणि लॅपटॉपच्या वायफाय माहितीत 'लिंक स्पीड' बघा. लॅपटॉप आणि राउटर आपसात कोणत्या वेगानं बोलतात तो हा आकडा. प्रत्यक्ष मिळणारा स्पीड याच्या साधारण निम्मा धरा, कारण हवेत सगळे एकाच रस्त्यावरून जातात आणि आपापली पाळी बघतात.

माझ्याकडे लिंक स्पीड दाखवत होता ५४. ही जुन्या वायफायची कमाल मर्यादा. राउटर तर त्यानंतरच्या 'एन' पिढीचा होता. मग तो जुन्या चालीनं का चालत होता?

रात्री दुकान बंद करून वायरलेसचं पान उघडलं आणि कपाळावर हात मारला. पंधरा दिवसांपूर्वी जुना प्रिंटर वायफायला जोडत नव्हता, म्हणून सिक्युरिटीच्या रकान्यात मीच 'फोर्स टीकेआयपी' निवडलं होतं. वायफायचा नियम असा की टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी वापरलं तर 'एन' चे वेग मिळतच नाहीत, गाडी ५४ वरच थांबते. एका प्रिंटरसाठी मी अख्ख्या घरादाराला हळू चालवत होतो.

तिथे डब्ल्यूपीए२ आणि सीसीएमपी म्हणजेच एईएस निवडलं. प्रिंटर यूएसबी केबलनं जोडला. परत मोजलं: लिंक स्पीड १४४, राउटरजवळ ७५, काउंटरवर २८.

अजून एक खूण तपासा: 'डब्ल्यूएमएम मोड'. ही बंद असेल तरीही 'एन' चे वेग मिळत नाहीत. ती कायम चालू ठेवा.

पायरी ४: चॅनल, रुंदी आणि देश

२.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारी कुठे गर्दी आहे ते राउटरच्याच 'चॅनल अ‍ॅनालिसिस' पानावर दिसतं. माझ्या गल्लीत सगळे ११ वर, मीही ११ वर. १ वर गेलो आणि काउंटरवर २८ चे ४० झाले.

रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की आकडा मोठा दिसतो, पण दाट वस्तीत त्यामुळे शेजाऱ्यांच्या वायफायशी धक्काबुक्कीच वाढते. 'फोर्स ४०' ची खूण तर करूच नका.

राउटर ५ गिगाहर्ट्झचा असेल तर जवळच्या कामाला तोच वापरा. तिथे ३६ ते ४८ हे चॅनल सोपे पडतात. ५२ ते १४४ या पट्ट्यात राउटरला आधी रडार आहे का ते ऐकावं लागतं, म्हणून चालू केल्यावर किमान मिनिटभर सिग्नल दिसत नाही. अशा वेळी घाईनं परत परत रीस्टार्ट करू नका.

'कंट्री कोड' मध्ये भारत निवडा. रकाना रिकामा राहिला तर राउटर सगळीकडे चालतील अशा सावध मर्यादा धरतो. पॉवर वाढावी म्हणून दुसरा देश निवडणं मात्र नियमाबाहेर आहे आणि त्याचा फारसा उपयोगही नाही. राउटर मोठ्यानं ओरडला तरी मोबाईलचा आवाज तेवढाच राहतो.

थांबायचं कधी?

हे सगळं करूनही फरक पडला नाही तर चिप बघा. काही चिपना, विशेषतः ब्रॉडकॉमच्या अनेक वायफाय चिपना, चांगला मुक्त ड्रायव्हर मिळत नाही. तिथे सेटिंग बदलत बसणं म्हणजे वेळ घालवणं. सरळ मूळ फर्मवेअर परत टाका. पुढच्या वेळी ओपन-डब्ल्यूआरटीच्या यादीत आपलं मॉडेल आधी बघा आणि मगच हात घाला.

आणि मंडळी, दोन शिस्ती पाळा. सुरुवातीलाच सेटिंगचा बॅकअप घ्या. एका वेळी एकच बदल करा, मोजा, वहीत लिहा. चार बदल एकदम केले आणि स्पीड वाढला, तरी कशानं वाढला हे कळत नाही. धंद्यातही तसंच असतं ना? भाव, जाहिरात आणि माल एकाच आठवड्यात बदलला तर विक्री कशामुळे वाढली हे कोण सांगणार?

माझा खर्च शून्य झाला. नवा राउटर घ्यायला निघालो होतो, ते पैसे वाचले. गेलेली तीन गिऱ्हाइकं मात्र त्या दिवशी परत आली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या पोराला बोलावलं, चहा पाजला आणि माफी मागितली. तो हसून म्हणाला, "दादा, रोज कोणी ना कोणी शिव्या घालतंच. सॉरी म्हणणारे तुम्ही पहिलेच."

तेव्हा आजचा गृहपाठ: फोन उचलण्याआधी दोन आकडे लिहा, तारेवरचा आणि हवेतला. मग दोष कुणाचा ते कुणाला ओरडून विचारायची गरजच उरत नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत!