दोन डीएचसीपी सर्व्हर आणि बिनडिस्कची लॅब

लेख नेटवर्किंगचा आहे, पण सुरुवात कबुलीने करतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रॅक्टिकलच्या दिवशी आपल्या लॅबमधली चोवीसपैकी पंधरा मशीन सुरूच झाली नाहीत आणि परीक्षा दीड तास लांबली. ते माझ्यामुळे झालं. मी तेव्हा सेकंड इयरला होतो.

आदल्या रात्री प्रोजेक्टसाठी मोबाईलवर नेट हवं होतं म्हणून मी रूमवरचा राउटर लॅबमध्ये नेला. भिंतीतली केबल त्याच्या वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये खोचली. नेट काही चाललं नाही. कंटाळून राउटर कपाटामागे तसाच चालू ठेवला आणि झोपायला गेलो.

सकाळी काही मशीनवर ‘पीएक्सई-ई५३’, म्हणजे बूट फाइलचं नावच मिळालं नाही, असा एरर. काही मशीन कर्नलच्या ओळी दाखवून अडकलेली. लॅबमधल्या काकांनी सर्व्हर पाहिला, स्विच पाहिला, केबली काढून परत लावल्या. सगळं ठीक! तरी ‘काल संध्याकाळी तुम्हीच काहीतरी केलं असेल’ म्हणून त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. मी मेसमध्ये पोहे खात होतो. एका ज्युनिअरने फोनवर सांगितलं, “काका म्हणतायत, स्क्रीनवर पत्ता देणाऱ्याचा नंबर १९२.१६८.०.१ दिसतोय, आणि आपला सर्व्हर तर १९२.१६८.१०.५ आहे.” तो पहिला नंबर मला पाठ होता. पोहे तसेच टाकून पळालो.

पत्ता मिळतो कसा?

नवं मशीन नेटवर्कवर आलं की ते सगळ्यांना उद्देशून ओरडतं, ‘मला कोणी पत्ता देतं का?’ हा डिस्कव्हर. सर्व्हर पोर्ट ६७ वर ऐकतो आणि पोर्ट ६८ वर ऑफर देतो. मशीन एक ऑफर निवडून रिक्वेस्ट पाठवतं, सर्व्हर ॲक देतो, व्यवहार संपला. मार्च १९९७ च्या आरएफसी २१३१ या दस्तऐवजात एकाहून जास्त सर्व्हर गृहीतच धरले आहेत. रिक्वेस्टमध्ये निवडलेल्या सर्व्हरची ओळख असते. ती पाहून बाकीचे आपापली ऑफर मागे घेतात.

म्हणजे दोन सर्व्हर असणं हा गुन्हा नाही. दोघांची उत्तरं एकमेकांशी न जुळणं हा खरा घोटाळा. त्यात चांगलं उत्तर जिंकेल याचीही खात्री नसते, कारण बरेच क्लायंट आधी आलेली ऑफर धरतात. आपल्या लॅबवर तेव्हा असलेला आयएससीचा सर्व्हर नवा पत्ता देण्याआधी तो कोणी वापरत नाही ना, हे पिंग करून बघतो आणि सेकंदभर थांबतो. तेवढ्यात माझ्या राउटरने पत्ता देऊनही टाकला!

बिनडिस्कचं मशीन पुन्हा पुन्हा विचारतं

साध्या पीसीला चुकीचा पत्ता मिळाला तर फार तर नेट जातं. विंडोज तरी उघडतं. डिस्कलेस क्लायंटचं तसं नाही. हॉस्टेलला नव्याने आलेल्या मुलाची वळकटीसुद्धा ऑफिसातूनच मिळायची असेल, आणि गेटवर भलत्याच माणसाने त्याला शेजारच्या गल्लीत धाडलं, तर तो झोपणार कुठे?

आणि तो एकदाच विचारत नाही. पहिल्यांदा नेटवर्क कार्डातला पीएक्सई रॉम विचारतो. त्याला पत्त्याबरोबर बूट सर्व्हर आणि बूट फाइलचं नाव लागतं. मग टीएफटीपीने, पोर्ट ६९ वरून, बूटलोडर आणि कर्नल येतात. कर्नल उठला की तो पुन्हा पत्ता मागतो, कारण रॉमला काय मिळालं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मग तो एनएफएसवरून रूट फाइलसिस्टिम जोडतो. पुढे सिस्टिममधला नेटवर्क मॅनेजर तिसऱ्यांदाही विचारू शकतो. तिथे वेगळा पत्ता मिळाला तर चालू मशीनच्या पायाखालची डिस्कच निघून जाते.

आता त्या दिवशीचं कोडं सुटतं. ज्यांच्या रॉमने राउटरची ऑफर धरली, त्यांना बूट फाइलच मिळाली नाही. काही रॉम बूट फाइलवाल्या ऑफरची वाट बघतात. ती मशीन पुढे गेली आणि कर्नलच्या वेळी फसली. नऊ मशीनचं नशीब दोन्ही वेळा बरं होतं.

मग दोन सर्व्हर चालवायचे कसे?

१) काम वाटून द्या. कॉलेजचा मुख्य सर्व्हर पत्ते देतो, त्याला हात लावू नका. लॅबमध्ये प्रॉक्सी डीएचसीपी लावा. पीएक्सई मशीन विनंतीत आपण ‘पीएक्सई क्लायंट’ असल्याचं सांगतं. प्रॉक्सी फक्त त्यालाच उत्तर देतो आणि पत्ता न देता फक्त बूटची माहिती देतो. डीएनएसमास्क या छोट्या प्रोग्रॅममध्ये हे दोन-चार ओळींत जमतं.

२) एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून दोन ठेवत असाल, तर पत्ते विभागा. एकाकडे ५० ते १४९, दुसऱ्याकडे १५० ते २४९. मास्क, गेटवे, बूट सर्व्हर आणि फाइलचं नाव मात्र दोघांकडे अक्षरशः सारखं हवं. आयएससीने आपला जुना सर्व्हर २०२२ मध्ये थांबवला. त्याच्या जागी आलेल्या किआमध्ये दोन सर्व्हर एकमेकांशी बोलून हे सांभाळतात.

३) पुन्हा विचारणं टाळा. पीएक्सलिनक्सच्या कॉन्फिगमध्ये ‘आयपीअपेंड १’ लिहिलं की रॉमला मिळालेला पत्ताच कर्नलकडे जातो.

४) माझ्यासारख्यांपासून वाचण्यासाठी मॅनेज्ड स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करा. मग खऱ्या सर्व्हरचा पोर्ट सोडून दुसरीकडून आलेली ऑफर स्विच पुढे जाऊच देत नाही. ‘फक्त ओळखीच्या मॅक ॲड्रेसला पत्ता द्या’ एवढंच करून भागत नाही. त्याने आपला सर्व्हर गप्प बसतो, परका नाही.

शंका आलीच तर टीसीपीडम्पने पोर्ट ६७ आणि ६८ बघा. एका डिस्कव्हरला दोन ऑफर दिसल्या की परक्याचा मॅक ॲड्रेस घ्या आणि स्विचच्या तक्त्यात तो कोणत्या पोर्टवर आहे ते शोधा.

त्या दिवशी राउटर काढून मी थेट सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि काकांच्या खुलाशाऐवजी माझा लिहून दिला. पंधरा दिवस लॅब बंद झाली, ती मला एकट्याला. काका एवढंच म्हणाले, “रात्रीच सांगायचं होतंस रे, परीक्षा तरी वेळेवर झाली असती.” म्हणून हॉस्टेलकरांना सांगणं एवढंच: राउटर लावायचा तर आधी परवानगी घ्या, केबल वॅन पोर्टमध्येच खोचा, नाहीतर त्याचा डीएचसीपी बंद करा. आणि चूक झालीच, तर दुसऱ्याकडून खुलासा मागितला जाण्याआधी सांगून टाका.